जवळ आलेलं अकोला

रश्मी : (अमरावतीच्या ऑफिसातून, फोनवर) अन् नेटवर्कच्या पेटीच्या मागचा लाइट कोणता लागून राहिला?

प्रीतम : हिरवा ना, ताई. एकदम हिरवागार.

रश्मी : नीट पाय बरं.

प्रीतम : पायलं ना. पेटीच्या समोरच उभा हावो मी. अकोल्याच्या कोल्ड स्टोरेजमधी. थंडीनं दात वाजून राहिले.

रश्मी : त्या पेटीले मागून लाइटच नाही, प्रीतम. मागं नुसता पंखा आहे.

प्रीतम : आं? मले वाटलं, तुमी समोरचा म्हणून राहिल्या.

रश्मी : बरं, जाऊ दे. काल संध्याकाळपासून माझ्या स्क्रीनवर अकोला लाल होतं. तिथली पेटी इथल्या पेटीशी बोलतच नोयती. आज सकाळी येऊन पायते तं हिरवं. तूच केलं ना नीट?

प्रीतम : हो मंग! बंद केली, चालू केली, झालं. मशीनलेबी कधी कधी झोप लागते, ताई.

रश्मी : छान केलं. मग मले हे समजावून सांग. इथून अकोल्याले निरोप जाऊन परत याले रोज आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. आज अर्धाबी नाही लागून राहिला.

प्रीतम : म्हणजे फास्ट झालं. चांगलंच झालं ना!

रश्मी : फास्ट नाही, जवळ झालं. एका रात्रीत अकोला शंभर किलोमीटर सरकलं.

प्रीतम : काल पुष्कर सरनं नव्या फायबर लाइनवर टाकला ना दोन पेट्यांमधला टनेल. नवी लाइन हाये, पळन ना तो.

रश्मी : नवी लाइन काय वाटेतलं मूर्तिजापूर वगळून जाते?

प्रीतम : तुमी सकाळी सकाळी लय इचारता, ताई.

रश्मी : अजून एक विचारते. टनेल जुळला, दोन्ही पेट्या एकमेकीले 'आहे का' म्हणून हाका मारून राहिल्या, 'ओ'बी देऊन राहिल्या. पण अकोल्याच्या पेटीमागं कोणीच नाही. थंडी मोजणारे सेन्सर नाही, कॅमेरे नाही, वजनकाटा नाही. रोज तिच्यामागं तीसेक यंत्रं दिसतात. आज एकच.

प्रीतम : एक तरी दिसते ना.

रश्मी : हो. तुझा लॅपटॉप.

प्रीतम : लॅपटॉप तं लागतेच ना, ताई.

रश्मी : अन् माझ्या ड्रॉवरमधली निळी केबल, पेटीले थेट लावाची, ती सकाळपासून गायब आहे. प्रीतम, तू कोठी आहे?

प्रीतम : खाली.

रश्मी : कशाच्या खाली?

प्रीतम : तुमच्याच खाली, ताई. तळमजल्यावर. रिकाम्या पोत्यांची खोली नाही का, तिथं.

रश्मी : अन् पेटी?

प्रीतम : पोत्यावर ठेवली. बसनं आणली, मांडीवर घेऊन. बाजूची बुढी म्हणे, टीव्ही हाये का बाबू? म्हटलं, हो आजी. तं म्हणे, लाव ना मंग.

रश्मी : अकोल्याची पेटी उपटून तू अमरावतीले घेऊन आला?

प्रीतम : हळू बोला ना वो. सरले सांगान तं नाही?

रश्मी : ते ऐकून ठरवते.

प्रीतम : काल सरनं नव्या लाइनसाठी इथूनच पेटीचा नेटवर्कमधला पत्ता बदलला. त्यात एक आकडा चुकला अन् टनेल तुटला. आता त्या पेटीत दुरून शिराचा रस्ताबी टनेलमधूनच जाते. मंग तिच्याजवळ जाऊन केबल लावल्याबिगर दुरुस्त होत नाही. अन् केबल तुमच्याकडं.

रश्मी : मग केबल मागवायची. पेटी कायले आणली?

प्रीतम : मागवली असती तं तुमी इचारलं असतं, काहून पाह्यजे? मंग सरचा आकडा निघाला असता.

रश्मी : निघू दे ना. त्यांचा आकडा, ते पाहतील. तुले काय झालं?

प्रीतम : मले झालं ना. सरनं बजावून सांगतलं होतं, मी पत्ता बदलीन तवा तू पेटीपाशी थांब, काही झालं तं लगेच मागं घेऊ. मी थांबलो नाही.

रश्मी : कोठी गेला होता?

प्रीतम : दर्यापूरले.

रश्मी : दर्यापूरले काय आहे?

प्रीतम : पोरगी.

रश्मी : अरे वा!

प्रीतम : पाहाले गेलो होतो, ताई, रीतसर. आई, मोठेबाबा, समदे होते. फोन सायलेंटवर. तिकडं सरचे फोनावर फोन, अन् मी इकडं पोह्याची प्लेट धरून बसलो.

रश्मी : मग? पसंत?

प्रीतम : मले पसंत. तिनं इचारलं, काम काय करता? म्हटलं, टनेलचं. तं म्हणे, कोणत्या पहाडात?

रश्मी : हुशार आहे.

प्रीतम : खरंच इचारलं का मस्करी केली, तेच समजून नाही राहिलं मले.

रश्मी : अन् तिकडं कोल्ड स्टोरेजचं काय? हरभऱ्याचं अख्खं बियाणं आहे आत. थंडी कमी झाली तर माझ्याकडं अलार्मबी येणार नाही.

प्रीतम : रातभर मीच बसलो ना तिथं. भिंतीवर जुना काट्याचा थर्मामीटर हाये. सकाळी सुंदराबाईले बसवून आलो, पोती शिवते ती. दर अर्ध्या तासानं फोन करते. मगाशी म्हणे, 'बारा हाये, अन् माह्ये गुडघे आखडले.' आता झालंच, ताई. पत्ता दुरुस्त केला. इथल्या पोर्टले थोड्या वेळापुरता अकोल्याचा पत्ता देल्ला अन् लावून पायलं, तं टनेल जुळला. आता उपटतो, बस धरतो, कोणाले काही कळत नाही.

रश्मी : थांब, थांब. सर येऊन राहिले इकडं. फोन ठेवू नको, तोंड बंद ठेव.

पुष्कर : रश्मी! अकोला बघितलंस?

रश्मी : तेच बघतेय, सर.

पुष्कर : अर्धा मिलिसेकंद! मी म्हणत होतो ना, नवी लाइन घेतली की फरक दिसेल? काल लाल झालं तेव्हा माझाही जीव वरखाली झाला, त्यात हा प्रीतम फोन उचलेना. पण लाइनला स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो.

रश्मी : सर, हा फरक थोडा जास्तच नाही वाटत?

पुष्कर : हे तुझं नेहमीचं. वाईट दिसलं तर म्हणतेस, होणारच होतं. चांगलं दिसलं तर शंका. खुशालरावांनी मला एकदाही शंका विचारली नाही.

रश्मी : मालकांना सांगितलं?

पुष्कर : आलेखच पाठवला. खाली लिहिलं, 'अकोला आता आपल्या शेजारच्या खोलीत आहे.'

रश्मी : खोलीत.

पुष्कर : फार आवडलं त्यांना. ते बार्शीटाकळीहून निघालेत, वाटेत कोल्ड स्टोरेजवर जाऊन ती पेटी बघणार आहेत. मी त्यांना सोपं करून सांगितलं. म्हटलं, आपलं नेटवर्क सगळं व्हर्च्युअल, सॉफ्टवेअरमधलं. पण थंडी मोजणारी यंत्रं खरी, जुनी, लोखंडाची. त्यांना ही नवी भाषा येत नाही. ती पेटी त्यांचं म्हणणं टनेलमधून इकडे पोचवते. अकोल्याकडचं टोक म्हणजे ती पेटी. प्रीतमला कळवायला हवं. फोनवर कोण आहे?

रश्मी : प्रीतमच आहे, सर.

पुष्कर : उत्तम. स्पीकरवर टाक. प्रीतम, कुठे आहेस?

प्रीतम : नमस्कार, सर. अकोल्याले, सर.

पुष्कर : पेटीजवळ?

प्रीतम : एकदम जवळ, सर.

पुष्कर : खुशालराव येताहेत तिकडे. जरा धूळबिळ पुसून ठेव.

प्रीतम : कवा येऊन राहिले?

पुष्कर : पोचतीलच. का रे?

प्रीतम : नाही, म्हणजे... पेटी आज जागेवर नाही, सर. म्हणजे हाये जागेवर, पण ते जागाच...

पुष्कर : हा भोंगा कसला वाजतोय?

प्रीतम : भाजीवाला, सर. 'मेथी घ्या, हिरवा सांभार घ्या.' अकोल्यातबी येते ना भाजीवाला.

पुष्कर : रश्मी, ती खिडकी बंद कर.

रश्मी : केली, सर.

पुष्कर : प्रीतम, आत्ता काय म्हणतोय तो?

प्रीतम : आत्ता? 'कॅम्पातल्या वहिनी, पिशवी घेऊन या.'

पुष्कर : अमरावतीतलं आपलं कॅम्प अकोल्यात कधी गेलं? रश्मी, खिडकी उघड.

रश्मी : इथंही तेच, सर. 'पिशवी घेऊन या.'

पुष्कर : म्हणजे शेजारची खोली नाही. खालची.

रश्मी : सर, ऐका तर...

पुष्कर : तो अर्धा मिलिसेकंद खरंच सांगत होता. मीच त्यातून मला हवं ते ऐकलं. प्रीतम, पेटी का आणलीस?

प्रीतम : माह्यी चूक हाये, सर. काल तुमी थांब म्हटलं, अन् मी थांबलो नाही. घरच्या कामाले गेलो.

पुष्कर : त्याबद्दल मी तुला वेगळं बोलणार आहे. टनेल तुटला कशानं?

प्रीतम : असंच, सर. मशीनलेबी कधी कधी...

पुष्कर : प्रीतम.

प्रीतम : पत्त्यात तीनच्या जागी आठ पडला होता, सर.

पुष्कर : कोणाकडून?

रश्मी : सर, कीबोर्डवर तीन अन् आठ लांब असतात. पण जुन्या चष्म्यातून सारखेच दिसतात.

पुष्कर : म्हणजे माझ्याकडून. आणि माझा एक आकडा झाकायला तू अख्खं अकोला उचलून आणलंस.

प्रीतम : सर, दुसरा फोन येऊन राहिला. सुंदराबाईचा. घेतो अन् येतो, एक मिनिट.

पुष्कर : आता ह्या सुंदराबाई कोण?

रश्मी : पेटी नाही म्हणून सेन्सर दिसत नाहीत, सर. त्या तिथं बसून थर्मामीटर पाहताहेत. रात्री प्रीतम बसला होता.

पुष्कर : रात्रभर? त्या थंडीत?

रश्मी : हो, सर.

प्रीतम : सर.

पुष्कर : काय म्हणाल्या बाई?

प्रीतम : बाई नोयती, सर. फोन बाईचा, आवाज खुशालरावचा. म्हणे, 'बारा. लिहून घे.'

रश्मी : मालक काट्यापाशी बसले?

प्रीतम : बाईनं वळखलंच नाही त्याईले. म्हणे, 'रिकामेच हाय तं ध्यान ठेवा, मी जेवून येते.' स्टूल देल्ला अन् गेली. ते बसले.

पुष्कर : पेटीचं काही विचारलं?

प्रीतम : इचारलं. म्हणे, इथं चार स्क्रू अन् धूळ दिसून राहिली, पेटी कोठी गेली? मी म्हटलं, आवाज तुटून राहिला, सर. अन् ठेवला.

पुष्कर : थांब, मीच फोन लावतो त्यांना.

रश्मी : सर, दुरुस्तीसाठी आणली म्हणा ना. ते काही खोटं नाही.

पुष्कर : खोटं नाही. पण त्यात तो आठ कुठेच येत नाही. ...हॅलो, खुशालराव? पुष्कर बोलतोय. हो, बारा, कळलं मला. जरा ऐका. सकाळी मी आलेख पाठवला, तो विसरून जा. नाही, आलेख बरोबर आहे, मी चुकीचा वाचला. काल पत्ता टाकताना माझा आकडा चुकला, त्यानं टनेल तुटला. पेटी इथे आहे. हो, खरोखरच खोलीत आहे. नाही, दुरुस्ती प्रीतमनं केली. हो. तेही बरोबर आहे. ...तेही. ...हो, फोन धरून आहे, या बघून. ...किती? बाराच? बरं. संध्याकाळच्या आत येतो.

रश्मी : रागावले?

पुष्कर : चांगलेच. मग मधेच म्हणाले, थांबा, काटा हलल्यासारखा वाटला. बघून आले तोवर कुठपर्यंत रागावले होते ते विसरले. प्रीतम, पेटी काढ. माझ्या गाडीनं जाऊ.

प्रीतम : काढली तं स्क्रीनवर परत लाल होईन, सर.

पुष्कर : होऊ दे. तिकडे पेटी नाही, तर लालच दिसायला हवं. आणि लॅपटॉप घे. आज पत्ता मी टाकणार नाही, तू टाक. मी नुसता मोठ्यानं वाचून दाखवीन.

प्रीतम : चष्मा लावून, सर?

रश्मी : प्रीतम!

पुष्कर : बोलू दे त्याला. रात्रभर बसलाय.

रश्मी : सर, येताना जमलं तर दर्यापूरवरून या. प्रीतमले तिथं एक प्रश्न विचाराचा आहे.

प्रीतम : ताई! तसं काही नाही, सर.

पुष्कर : कसला प्रश्न?

रश्मी : पहाडाचा. गाडीत सांगन तो तुम्हाला. रस्ता लांब आहे.

(दुपार. पुष्कर आणि प्रीतम गाडीत, रश्मी फोनवर.)

रश्मी : हॅलो, सर? खुशालरावांचा फोन होता. विचारत होते, स्क्रीनवर अकोला दिसतं का?

पुष्कर : तू काय सांगितलंस?

रश्मी : लाल आहे म्हटलं. तर म्हणे, 'ते मला माहीत आहे. पण आहे कुठं?' काय सांगू?

पुष्कर : प्रीतम, कुठे आलो रे?

प्रीतम : मूर्तिजापूर, सर. हा समोर चहावाला हाये.

पुष्कर : सांग त्यांना, अकोला मूर्तिजापूरला चहाला थांबलंय. पोचतंच आहे.