नुसता ‘नाइस’

इंग्लंडातल्या व्हिटबी या समुद्रकाठच्या गावी, बसथांब्यावर माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांतल्या हेस्टरच्या नवऱ्याचं सकाळीच दफन झालं होतं.

“पाद्री म्हणाला, अ‍ॅम्ब्रोज ‘नाइस’ माणूस होता. नाइस!”

“अगं हेस्टर, चांगलंच बोलला की!”

“डोंबलाचं चांगलं! चहा नाइस, हवा नाइस, आणि बुडणाऱ्या अकरा जणांना समुद्रातून ओढून काढणारा माझा नवराही नाइस? मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अडाणी’. पूर्वी मूर्खालाच नाइस म्हणायचे.”

“पाद्र्याला हे कुठलं ठाऊक?”

“आता झालं ठाऊक. भर चर्चमध्ये उठून सांगितलं मी.”

“अगं बाई! मग?”

“म्हणाला, ‘मग तुम्हीच सांगा, कसे होते?’”

“काय सांगितलंस?”

“पन्नास वर्षं संसार केला, म्यूरिएल, आणि मेला एक शब्द सुचेल तर शपथ!”