रबराच्या लेकाचं नाव

...नाही म्हणजे नाही, डॉक्टर, बिननावाच्या लेकासाठी मले रडता येत नाही, असं मी तोंडावर सांगून टाकलं. आता तुमीच सांगा, काय चुकलं माहं?

बोंडअळीचं साल. कपाशीवर फवारता फवारता पोरं विषानं चक्कर येऊन पडून राह्यलती, काही तर मरूनही गेलती. लेक गेला हे त्याच्या मायले कसं सांगावं, हे नर्सबायांले शिकवणाऱ्या नर्सबाया यवतमाळच्या दवाखान्यात तयार करून राह्यले होते. म्हणजे शिकवणारीलेच आधी शिकवाचं! पलंगावर रबराचा बाहुला, तो लेक. मी जमनी, तांड्यातली सगळ्यात मोठ्या तोंडाची, म्हणून सोंगात त्याची माय. राळेगावची दीपा सिस्टर बाकीच्या पोरीइले शिकवणार, आन् अतुल डॉक्टर कोपऱ्यात बसून तिले पास का नापास करणार. एकदा नापास झाली होती बिचारी. आता हुकलं तर शिकवणं कायमचं बंद.

आन् सोंगासाठी मले देलेल्या कागदावर काय, तर 'रुग्ण, पुरुष, वय तीस'. अवो, आमच्या तांड्यात एकमेकीच्या गळ्यात पडून, नाव घेऊ घेऊ, गुण सांगू सांगू रडतात. रुग्ण रे, पुरुष रे, असं कोण रडते?

डॉक्टर म्हणे, "घ्या कोणतंही नाव, जमनीबाई. खोटंच तर आहे."

माह्या प्रेमचं घेऊ? जित्या लेकाचं? दीपा म्हणे, "माह्या भावाचं नको," दुसरी म्हणे, "माह्या नवऱ्याचं नको"... खोटंच तर आहे, मंग कायले भेता? शेवटी म्हटलं, ज्याले हे खोटं वाटते त्याचंच घेऊ.

अतुल बेटा रे, म्हणून असा गळा काढला... पांढऱ्या कोटाले डाग पडू देत नव्हतास रे, अर्धं टक्कल पडाचं राहूनच गेलं रे... दीपा मातर हालली नाही. जमिनीवर माह्यापाशी बसली, हात धरला, रडणं ओसरू देलं, मंग हळूच सांगतलं. पोरी तोंडात रुमाल कोंबून हसून राह्यल्या, पण आधी बसाचं, मंग बोलाचं, हे शिकल्या.

डॉक्टरचा हात सोताच्याच नाडीवर! नाव बदला म्हणे. मी म्हटलं, खोटंच तर आहे. तर म्हणे, बातमी सांगायच्या आधीच माय रडली, कागदाप्रमाणं झालं नाही, दीपा नापास. आता रडू काय कागद पाहून येते? पण पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी पदर खोचला, पुन्हा बाहुल्यापाशी जाऊन बसली, आन् म्हटलं,

"बरं डॉक्टर, मंग घेऊ पुन्यांदा सुरवातीपासून... आडनाव काय तुमचं?"