ताईचं मत, बुधवारी पाचच्या आत

नाही, पण मला एक सांगा, एका माणसाला आठवड्याला किती मतं असावीत? एक? दीड? मला तर अख्ख्या जन्मात मिळून दोनच होती! एक म्हणजे, आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा घुसला तर त्याला दंडाला धरून बाहेर काढावं. आणि दुसरं, आमच्या ताईनं सकाळी पेपर वाचताना जरा हळू बोलावं. बास! एवढ्यावर माझं चांगलं चाललं होतं. आणि आता? आता दर बुधवारी फोन वाजतो आणि पलीकडून पुरवणीवाले साहेब म्हणतात, "आजचं मत कुठाय? एकशे वीस शब्द, पाचच्या आत!" अहो, मी लिफ्टमन आहे! आठवीत शाळा सोडलेला! लोक मला मजला सांगतात, मी बटण दाबतो, यात मत कुठे येतं? सातवा म्हटलं की सातवा. मी कधी कुणाला म्हटलंय का, की साहेब, माझ्या मते तुम्ही चौथ्यावर उतरावं?

तर झालं काय... थांबा, आधी ताई सांगतो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, कॉलेजात, तृतीय वर्षाला. आमच्या घरात शिकलेलं माणूस एकच, पण मतं दहा घरांना पुरतील एवढी! सकाळी पेपर आला की ही तो वाचायची नाही, त्याच्याशी भांडायची. "बघा काय लिहिलंय! म्हणे नागरिकांनी सहकार्य करावं! आणखी काय करावं नागरिकांनी, स्वतःच खड्डे खणून पाईप टाकावेत?" बाबा शिंपी, मशीन घरातच. ते पाय थांबवून म्हणायचे, "अगं, पेपरला ऐकू जात नाही." तर ही एक दिवस उठली आणि पेपरलाच पत्र लिहिलं! त्यांनी ते छापलं, वर दर गुरुवारी एक कोपराच देऊन टाकला, 'विद्यार्थ्यांचं मत'. आठवड्यातली एक बातमी घ्यायची आणि तिच्यावर आपलं मत द्यायचं. शेजारी हिचा फोटो, पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली नाव आणि 'तृतीय वर्ष'. फोटोतसुद्धा अशी बघते, जणू छापणाऱ्यालाच दम देतेय.

आणि मग ताप आला. नुसता ताप हो! पहिल्या दिवशी मला म्हणाली, "ए लिफ्ट, पाणी आण." लिफ्टच म्हणायची मला. दुसऱ्या दिवशी पेपर मागितला आणि भांडली नाही. तिसऱ्या दिवशी... जाऊ दे. तिसऱ्या दिवशी संपलं.

हां, तर फोन! पाचवा दिवस, बुधवार. ताईचा फोन माझ्या खिशात होता, का होता विचारू नका, होता. वाजला. "ताईंचं मत आलं नाही अजून. एकशे वीस शब्द, पाचच्या आत!" आता शहाण्या माणसानं काय सांगावं? 'ताई गेली, साहेब.' तीन शब्द! ते सोडून मी काय म्हणालो? "येतंय." का म्हणालो? मला काय माहीत! तुम्हाला सांगतो, माझं तोंड आधी पळतं आणि डोकं मागून जिना चढत येतं.

म्हटलं तर म्हटलं, आता आणायचं कुठून? बातमी काय, तर जुनं ग्रंथालय पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणार. मी ना ग्रंथालयात जातो, ना माझ्याकडे गाडी! पण माझ्याकडे लिफ्ट होती. नऊ मजली कचेरी, दिवसाला चारशे माणसं, आणि प्रत्येकाच्या तोंडात मत! मी कान टवकारले. अडचण एकच, लिफ्टमध्ये मत अर्धंच मिळतं! हेडक्लार्क तळमजल्यावर चढले, "ग्रंथालय पाडणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, कारण..." टिंग! पाचवा! गेले! अहो, कारण? कारण घेऊन गेले ना सोबत! मी दार धरून ठेवलं तर आतल्या छत्रीवाल्या बाई ओरडल्या, "अरे चल की, आठव्यावर माझी सही राहिलीय!" म्हटलं, बाई, ग्रंथालयाचं तुम्हाला काय वाटतं? "वाचतंय कोण हल्ली? खुशाल पाडा! फक्त आधी..." टिंग! आठवा! आधी काय? आधी काय हो बाई? आणि तेच हेडक्लार्क, वरच्या साहेबांना भेटून दुपारी खाली येताना काय म्हणतात, "गाड्यांची सोय तर व्हायलाच हवी!" म्हणजे वर जाताना एक, खाली येताना दुसरं! माणूस तोच, लिफ्ट तीच!

मी आपली सगळी अर्धी मतं जोडली. ग्रंथालय पाडणं मूर्खपणाचं आहे, तरी खुशाल पाडावं, फक्त आधी विचार व्हावा, आणि गाड्यांची सोय तर व्हायलाच हवी. पाचाला पाच मिनिटं कमी असताना ताईच्या फोनवरून पाठवलं. छापून आलं! आणि पुढच्या आठवड्यात कुणा निवृत्त मुख्याध्यापकांचं पत्र, 'या विद्यार्थिनीच्या विचारांत अलीकडे सुखद संतुलन आले आहे.' संतुलन! आमच्या ताईच्या विचारांत! ताईनं ऐकलं असतं तर मुख्याध्यापकांना घरी जाऊन गाठलं असतं.

पण खरी कथा घरी झाली. त्या पहिल्या गुरुवारी बाबांनी पेपर उघडला आणि तसेच राहिले. आई आतून बाहेर आली. "हे... हे कुणी लिहिलं?" आणि माझं तोंड पुन्हा पळालं! "ताईनंच. आधीच लिहून ठेवली होती तिनं. मला पाठवायला सांगितलं होतं." आई म्हणाली, "किती आहेत रे?" मी म्हटलं, "भरपूर." भरपूर! शब्द बघा! पाच म्हटलं असतं तर पाचात सुटलो असतो! पण आई त्या फोटोवरून बोट फिरवत होती, शाई लागून बोट काळं झालं तरी फिरवत होती, आणि त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली. आता बोला! आता थांबवून दाखवा!

म्हणून मग दर आठवड्याला. भटक्या कुत्र्यांवर मत, पाण्याच्या मीटरवर मत, शाळेच्या दप्तराच्या वजनावर मत! एकशे वीस शब्द, पाचच्या आत! माणसांची मतं पुरी व्हावीत म्हणून मी दार उशिरा उघडायला लागलो, तर माझ्यावर लेखी तक्रार, 'लिफ्टमन प्रश्न विचारतो व उत्तर मिळेपर्यंत सोडत नाही.' एकदा तर एक गृहस्थ लिफ्टमध्येच ताईचा कोपरा उघडून बसले, म्हणजे उभे राहिले, आणि मला म्हणतात, "ही पोरगी पुढे जाणार बघ!" मी म्हटलं, "कितवा मजला?" दुसरं काय बोलणार? नऊ मजले भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. लिफ्टमनला तेवढी एक सोय आहे, कुणाला वाटत नाही की हा रडतोय, वाटतं ड्यूटीवर आहे.

आणि सहाव्या आठवड्यात तो नवा पूल खचला. सोमवारी खचला, बुधवारी मी लिहून मोकळा, आणि गुरुवारी सकाळी डोकं जिना चढून वर आलं. अरे गाढवा! बाबांनी शेवटपर्यंत वाचलं. चष्मा काढला. म्हणाले, "पोरगी किती पुढचं बघायची रे. पूल सोमवारी खचला, हिनं दीड महिना आधीच लिहून ठेवलं." हसले नाहीत, रागावले नाहीत. गिऱ्हाईकाचं माप घेताना बघतात तसं मला या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत बघितलं, आणि मशीन चालू केलं. मी म्हटलं, सुटलो! सुटतोय कसला...

कारण गेल्या आठवड्याची बातमी! पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल त्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसू द्यायचं नाही, पटावरून नावच काढायचं. मी वाचलं आणि तिसऱ्याच्या माणसाला थेट नवव्यावर नेलं. पण बुधवार तो बुधवार! एकशे वीस शब्द, पाचच्या आत! आणि त्या दिवशी लिफ्टमध्ये सगळ्यांचं कधी नव्हे ते एकच मत, शिस्त पाहिजे! हेडक्लार्क वर जाताना शिस्त, खाली येताना पण शिस्त! छत्रीवाल्या बाईंचं तर वाक्यसुद्धा आठव्याच्या आत पुरं झालं, "येत नाहीत ना, मग काढा नाव." मी लिहिलं. येत नाहीत, मग काढा नाव. खाली ताईचं नाव घातलं, पाठवलं, आणि नंतर तो फोन हातात धरवेना.

साडेपाचला साहेबांचा फोन. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये, आत सात माणसं. "अहो, आज ताईंची दोन मतं आलीत. एक फोनवर, ते म्हणतंय नाव काढा. एक पाकिटातून, कुणीतरी आणून दिलं, ते म्हणतंय काढू नका. पाकिटाला निळा खडू लागलाय." निळा खडू! कापडावर खुणा करायचा निळा खडू! सकाळीच 'दुपारी बटणं आणायला जाणार' म्हणून सांगून ठेवणारे आमचे बाबा! "तर मी छापू कुठलं?" मी म्हटलं, "पाकिटातलं." मग साहेब म्हणाले, "ताई बऱ्या आहेत ना?"

मी म्हटलं, "नाही साहेब. ताई गेली."

नऊ आठवड्यांत पहिल्यांदा बोललो. पाचवा आला, दार उघडलं, कुणी उतरेना. साहेब म्हणाले, "मला पहिल्याच गुरुवारी शंका आली होती. ती मुलगी एकशे साठ शब्द पाठवायची, आणि मी एक कापला की सकाळी सातला फोन करून माझी बिनपाण्यानं हजामत करायची. आता नऊ आठवडे मी कापतोय, कुणी भांडतच नाही." म्हटलं, "मग विचारलं का नाहीत?" तर म्हणतात, "तुम्ही 'येतंय' म्हणालात ना." आता या माणसाला काय बोलायचं!

आणि परवाचा गुरुवार. बाबांनी पेपर उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागले. कधी नव्हे ते मोठ्यानं! "'हजर नसणं हा गुन्हा नाही. मूल का आलं नाही, हे आधी त्याच्या घरी जाऊन विचारा...'" आई ऐकतेय, मी चहाच्या कपात बघतोय, म्हटलं आता काही खरं नाही. आणि बाबा एकदम थांबले. पान उलटलं. परत उलटलं. "शेवटच्या दोन ओळी कुठायत?" बघतो तर खाली पंख्याची जाहिरात! त्या दोन ओळींच्या जागी पंखा! मी आपलं सावरायला गेलो, "बाबा, शब्द जास्त झाले असतील तिचे." तर बाबा उसळले, "जास्त कसे होतील? मोजले होते मी! आयुष्यभर मापात कापलंय, एकशे वीसला एक शब्द वर नव्हता..."

आणि तोंड तसंच उघडं. बाबा माझ्याकडे बघतायत, मी आईकडे, आई आम्हा दोघांकडे. मग तिनं विचारलं, "काय होत्या ओळी?" बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "'दिसत नाही म्हणून लगेच नाव काढू नका. थोडे दिवस असू द्या.'"

आई उठली. मला वाटलं, झालं, आता कोसळणार. तिनं माझ्या खिशात हात घालून ताईचा फोन काढला आणि साहेबांना लावला! "काय हो! माझ्या मुलीच्या दोन ओळी कापून तिथे पंखा लावता? पंखा? ... जागा नव्हती म्हणजे काय? पंखा छोटा करा! ... नाही, तुम्ही ऐका आधी!" सकाळचे सात! पलीकडचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता, "हो बाई. चुकलं बाई. छापतो बाई." तुम्हाला सांगतो, इतक्या आनंदानं बोलणी खाणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही. फोन ठेवला आणि आई आमच्याकडे वळली, "पुढचं मी लिहिणार. तुम्हा दोघांना नीट रागावतासुद्धा येत नाही." तर बाबा म्हणतात, "मग त्याच्या पुढचं माझं." पाळ्या लावल्या हो, भिंतीवरच्या कॅलेंडरवर! निळ्या खडूनं!

म्हणजे बघा, मी आठवीत शाळा सोडलेला, बाबा सहावी, आई चौथी, आणि आज घरात तिघं जण तृतीय वर्षाला आहोत. हजेरी शंभर टक्के. आणि पास व्हायचं म्हटलं, तर तिघांतलं एकही कामाचं नाही!