कनभर मीठ नाय

माझं माहेर बदलापूरच्या वर डोंगरात, सात-आठ घरांची वाडी, आनि मला दिली कुळगावात. नवऱ्याचं नाव धोंडू. घेते बगा नाव, लिवा खुशाल, आता कोन रागावनार हाय मला! पावसाळा सरला की आमी दोघं गवताचे भारे घेऊन कॅम्पात जायचो. फाळनीनंतर सिंधी लोक नुकते तिथल्या लष्कराच्या बराकीत ऱ्हायला आलेले, त्यांच्या म्हशींना गवत लागायचं. तो दोन भारे उचलायचा, मी एक.

मग एका साली तो एका भाऱ्यालाच दमायला लागला. पाय सुजले, तोंड सुजलं, आनि काय सांगू तुमाला, मी खुश! म्हनलं अंग भरलं मानसाचं, माझ्या हातचं लागतंय. कसली मेली अक्कल माझी. आडवा झाला की दम कोंडायचा, म्हनून भाताच्या कनगीला टेकून बसूनच झोपायचा.

शेवटी कॅम्पातल्या सिंधी डाक्टरकडं नेला. भला मानूस. छातीला नळी लावली न म्हनाला, बाई, दिल कमजोर झालाय, रगत पुढं ढकलायला जोर नाय, म्हनून पानी पायात उतरतंय. दवा देतो, पन नमक बंद. एकदम बंद.

मी बंद म्हंजे बंद केलं, मिठाचं मडकंच जावेकडं दिलं. भात अळनी, आमटी अळनी. तो ताट सारायचा, म्हनायचा, अगं, गुरं पन तोंड लावायची नाय याला. मला रडू यायचं. मग पावसाळ्यासाठी भरलेला सुका बांगडा भाजून द्यायला लागले. खारट असतो खरा, पन तो खारटपना माशाचा, मी वरून कनभर घातलं नाय, देवाशपथ. तो बोटं चाटायचा, म्हनायचा, तू हायस म्हनून मी हाय.

डाक्टर विचारायचा, नमक दिया? मी म्हनायची, कनभर नाय.

शेतात भात पोटरीला आला न तो गेला. दव्याची बाटली परत द्यायला गेले तवा डाक्टरनं विचारलं, तो खायचा काय? मी सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. म्हनाला, बाई, बांगडा मिठात मुरवूनच सुकवतात ना गं. मग म्हनाला, तुझा दोष नाय, मीच आधी विचारायला पायजे व्हतं.

त्यानं आपल्यावर घेतलं हो, पन भरवनारा हात माझा. तवापासनं घरात बांगडा आनला नाय. तू हायस म्हनून मी हाय, म्हनायचा माझा भोळा.

लिवलंत? घरात कोन दुखनेकरी असंल तर डाक्टरला सगळं सांगा, न विचारता सांगा. देव तुमच्या मानसाला लई आयुक्ष देवो.