लाकूड, रेक्झिन, नवरा

…नाही, तुम्हीच सांगा, स्वतःच्या खुर्चीवर बसायला माणसाने समितीची परवानगी मागायची? आणि तीसुद्धा एकमताने? म्हणजे खुर्ची माझी, पैसे माझे, वर्षानुवर्षं बसून बसून तिच्यात पडलेला खळगा माझा, माझा म्हणजे अगदी माझ्याच अंगाचा, आणि मी? मी उभा!

तुम्हाला सांगतो, आमची ही चित्रं काढते. लग्नाच्या आधीपासून काढते, पण आजवर एकाही कलादालनाने तिला दारात उभं केलं नाही. मग हिने आणि हिच्यासारख्याच पाच-सात जणांनी मिळून स्वतःचंच दालन काढलं! बंद पडलेलं टायरचं दुकान भाड्याने घेतलं, भिंतींना पांढरा रंग फासला, झालं. पगार कुणालाच नाही, सगळे हौसेने राबतात. अध्यक्ष संडास धुतो, शिल्पकार बल्ब बदलतो, आणि निर्णय कुठलाही असो, समितीत सगळ्यांचं एकमत व्हायलाच पाहिजे. फरशी पुसायचा कपडा ओला असावा की कोरडा, यावर तीन मीटिंगा झाल्या हो… तिसरीत एक जण रडला!

तर एके दिवशी मी आंघोळ करून बाहेर येतो, तर खुर्ची गायब! आता ती खुर्ची म्हणजे काय, ते कसं सांगू तुम्हाला… रिटायर झालेल्या माणसाला अख्ख्या घरात हक्काची अशी जागा असते केवढी? मला बिछान्यात झोप लागत नाही, खुर्चीतच लागते. मी ओरडलो, "अगं, खुर्ची?" तर आतून आवाज, "अहो, प्रदर्शनात गेली." "कशाला?" "कलाकृती आहे ती." "कधीपासून?" "सकाळपासून!"

गेलो बघायला. मधोमध चौथरा, चौथऱ्यावर माझी खुर्ची, वरून दिवा, भोवती दोरी. शेजारी पाटी, 'तो. लाकूड, रेक्झिन, नवरा. मिश्र माध्यम.' हसावं की रडावं? मी आपला सवयीने दोरी ओलांडून बसायला गेलो, तर अध्यक्ष… त्याला सगळे दाढीच म्हणतात, आतला चेहरा कुणी पाहिलेला नाही… दाढी धावत आली, "काका, काका! स्पर्श नको! तो खळगा हीच तर खरी कृती आहे!" अरे बाबा, पण ती केली कुणी?

म्हटलं, बसता येत नाही तर निदान जवळ तरी राहू. म्हणून दालन सांभाळायची ड्युटी मागून घेतली. लगेच दिली! फुकट राबणारा कुणाला नको असतो? मी म्हटलं, "मला बसायला एखादं स्टूल…" तर दाढी, "स्टूल ठेवलं तर लोकांचा घोटाळा होईल ना, काका. कलाकृती कुठली आणि स्टूल कुठलं!" म्हणजे बघा, दिवसभर माझ्याच खुर्चीसमोर, तिच्यावर कुणी बसू नये म्हणून, कोण? मी उभा!

आणि ते बघायला येणारे! एक बाई आल्या, गळ्यात एवढाले मणी, खुर्चीसमोर गुडघे टेकले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "इथे कुणीतरी होतं… आता नाहीये!" मी म्हटलं, "बाई, आहे की! हा काय!" तर, "शूऽऽ! ती पोकळी ऐकू द्या!" एक गृहस्थ तर खळग्याकडे बघून चक्क रडायला लागले, माझा हात धरला, "तुमच्या फार जवळचे होते का हो?" म्हटलं, "होते आपले… थोडेफार." "फार हाल झाले का?" म्हटलं, "त्यांचे नाही झाले. माझे चाललेत!"

पण खरं सांगू? ही दाराशी उभी राहून बघायची, आणि तिचा चेहरा… अहो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या कामापुढे थांबत होतं. फार बरं वाटायचं मला. मग कसली तक्रार करणार? गप्प बसलो. म्हणजे, बसलो कुठला… उभा!

आणि एक दिवस आक्रीत घडलं. ही खुर्चीपाशी गेली आणि किंचाळली, "अहो, खळगा भरतोय!" खरंच हो! इतके दिवस कुणी बसलं नाही, तर आतला स्पंज हळूहळू वर यायला लागला होता. कलाकृती बुजत चालली होती! तातडीची मीटिंग. शिल्पकार म्हणाला, वाळूचं पोतं ठेवू. ही भडकली, "ठेवा! पण आधी पोत्याला माझ्याशी संसार करायला सांगा!" शेवटी ठरलं, मूळ माणसालाच बसवायचं. एकमताने! तुम्हाला सांगतो, मला भरून आलं.

बसवलं. पण कसं? दालन बंद करून, खाली पांढरी चादर घालून. हातात पेपर नाही, पाय पसरायचे नाहीत, समोर दाढी टॉर्च घेऊन, "काका, डुलकी नको, खळगा हलतो!" तासाभराने उठवलं, सगळे वाकून बघतात तर… चुकला! जुन्या फोटोशी ताडून पाहिला, दोन्ही कडांनी कमी! का? अहो, रोज उभा राहून राहून मी वाळलो होतो! पोट गेलं, मागचंही गेलं. डॉक्टर घसा फोडून सांगत होता तेव्हा जे वजन हललं नाही, ते कलेने उतरवलं! मी हात जोडले, "मला आणि खुर्चीला घरी पाठवा, दोन वेळ जेवून बसतो आणि पूर्ववत करून देतो." तर म्हणे, छे, प्रदर्शनाची मुदत वाढलीये!

तेवढ्यात हिचा धाकटा भाऊ आला. ताईचं काम बघायला म्हणे… बिस्किटं होती ना तिथे! दारातून अंग तिरकं करून आत शिरला, आणि अख्ख्या समितीची नजर खिळली, पण त्याच्या तोंडावर नाही हो! दाढी म्हणाली, "जरा वळता का?" वळला. बसवला. उठवला. तंतोतंत!

झालं! आता रोज दुपारी, दालन बंद असतं तेव्हा मेहुणा बसतो. त्याला पेपर चालतो, बिस्किटं चालतात, घोरणंसुद्धा चालतं, कारण काय, तर त्याने खळगा नैसर्गिक येतो! आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला? मीच, उभा!

काल दुपारची गोष्ट. दालनात आम्ही दोघंच. मेहुणा उठला, आळस दिला, म्हणाला, "भाऊजी, पायांना मुंग्या आल्या. तुमचीच तर खुर्ची, बसा की घटकाभर. मी ताईला सांगत नाही." रिकामी खुर्ची, दोरी सोडलेली, दाढी नाही… एक पाय चौथऱ्यावर टाकलासुद्धा. आणि बाहेरून हिचा आवाज आला. कुणालातरी फोनवर सांगत होती, "हो, हो, माझंच काम आहे ते. या ना… नक्की या." मी खाली बघितलं. खळगा असा काही जमून आला होता, की विचारू नका.

पाय खाली घेतला. म्हटलं, "बस रे बाबा, बस गपचूप… आणि जरा डावीकडे रेल, तिथे कमी पडतंय."