दोन्ही चाकं चौफुल्याला

"हॅलो? …कोण? …अनू? बोल बाई, बोल."

हौसरावांनी मोबाईल गाल आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला. करणार काय? दोन्ही हात ग्रीसनं काळे आणि पाठीवर गाडी. होय, गाडी पाठीवर! सकाळी भांडगावच्या आपल्या अंगणात त्यांनी मोटारसायकल मधल्या स्टँडवर चढवली, इंजिनखाली विटा रचल्या आणि टायर बदलायला पुढचं-मागचं अशी दोन्ही चाकं एकदमच खोलली. पंधरा वर्षांत गाडीला परक्याचा पाना लागू दिला नव्हता, त्याचा भारी तोरा. आता त्यातली एक वीट फुटली होती आणि गाडी कलून त्यांच्या पाठीवर रेलली होती. हलले की पडणार.

"कुठं हायस? …चौफुल्याला? आज? …अगं, पर रविवारी ठरलं व्हतं ना! …जावयांची सुट्टी बदलली? …मेसेज? मी कुठं बघतो ते वाट्सॅप! तुझी आई बघती, आन् ती गेलीया पाटसला बहिणीकडं."

दोन वर्षांनी पोरीचा आवाज थेट कानात येत होता. तिनं आपल्या पसंतीनं कोर्टात लग्न केलं, तेव्हा याच अंगणात ते सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले होते, "तुला न्यायला या घरातनं कुणी मुऱ्हाळी यायचा न्हाई!" पोरगीही त्यांचीच. न्यायला आल्याबिगर पाऊल ठेवणार नाही म्हणाली आणि शिरूरला जाऊन राहिली. बाळंतपणसुद्धा तिकडंच झालं. अनूच्या आईनं, तुळजाबाईंनी, इकडं रडून, तिकडं समजावून आता कुठं जमवलं होतं. अनूनं चौफुल्यापर्यंत यायचं आणि पुढं बापानं स्वतः जाऊन आणायचं.

"येतो की! येणारच… न्हाई, आत्ता लगीच न्हाई जमायचं… अगं, ऐक ना… गाडी खोललीया. …चाकं. …दोन्ही. …खोटं कशाला बोलू?"

"शेजारच्या पप्पूची? त्यो गाडी घिऊनच रांजणगावला गेलाय, फर्स्ट शिफ्टला. …कोंडिबाचा टेम्पो दूध घालायला गेलाय, दुपारी येतो. …हितं वस्तीवर रिक्षा कुठली! …मग तूच ये की जीपनं…"

जीभ चावली, पण शब्द गेला होता. नेमका तोच, जो कधीच बोलायचा नव्हता.

"न्हाई, न्हाई! तसं न्हाई म्हणायचं मला! अनू… अगं, दोन वर्षांचं कशाला काढतीस आता… बहाणा न्हाई बाई, आईच्यान! …हॅलो? …कोण रडतंय तिथं?"

तिकडून बारीक, चिडका आवाज येत होता. आठ महिन्यांची नात. त्यांनी तिला अजून पाहिलंही नव्हतं. पाठीवर गाडी, खांद्यावर मोबाईल आणि डोळ्यांत पाणी, ते पुसायलाही हात मोकळा नाही. अशी लाचारी त्यांच्या वाट्याला आजवर आली नव्हती.

"सावलीला उभी ऱ्हा तिला घिऊन. …काय लागली? शिरूरची एसटी? …बसू नको. अनू, बसू नको! मी निघालो, चालत येतो… गुडघ्याचं सोड! …अगं, थांब, थांब…"

आणि हौसरावांनी अंग काढून घेतलं. गाडी धाडकन फरशीवर आडवी झाली. आरसा फुटला, पेट्रोल वाहायला लागलं. जिला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता, तिच्याकडं त्यांनी वळूनही पाहिलं नाही. लंगडत फाटकाबाहेर पडले, तेही एकाच पायात चप्पल घालून.

"हॅलो? …न्हाई, मी न्हाई पडलो. गाडी पडली. …पडू दे. …तू एसटीत बसलीस का? …न्हाई ना? …बरं, बरं."

"आत्ताच कशाला खोलली म्हंजी? …टायर पार गुळगुळीत झालं व्हतं. …व्हय, वर्षभर तसंच व्हतं, पर आता… आता म्हंजी…"

पोरीसमोर असलं मायेचं बोलायची सवय कुठं होती?

"चाकं? दिलीत की, कोंडिबाच्या टेम्पोतनं. मीरासाहेबाकडं, टायर बसवायला. तिथं चौफुल्या…"

हौसराव रस्त्यातच थबकले. कपाळावर हात मारला, कपाळ काळं झालं.

"अगं, चौफुल्याला! …समोर बघ, निळं शटर. …जा. जाऊन बघ तुझ्या डोळ्यांनी. फोन ठिवू नको!"

फोनात हॉर्न वाजले, बाळ कुरकुरलं. मग मीरासाहेबाचा आवाज आला. तो माणूस कधी हळू बोललेलाच नाही, पण शब्द काही कळेनात. न कळले तरी चालत होतं. सकाळी आपणच त्याला फोनवर काय सांगितलं होतं, ते हौसरावांना पाठ होतं. एसटी सुटल्याचा आवाज आला. त्यांनी मोबाईल कानाला घट्ट दाबला.

"हॅलो? …अनू? …बोल की."

"…व्हय. तसंच म्हणलो व्हतो मी. नात बसणार हाय, घसरायला नको, चांगलं टायर घाल… मीरासाहेबाच्या तोंडात तीळ भिजत न्हाई! …अगं, रडतीस कशाला? …चुकलं माझं. तवाच चुकलं."

"रिक्षातनं? न्हाई, न्हाई, तू आपली आपण यायचं न्हाई. मी येतो म्हंजी… काय? …काय म्हणलीस? …चाकं आलीत न्यायला?"

हौसराव हसले की रडले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"…आलीत बाई. सकाळपासनं आलीत तुला न्यायला. …घाल रिक्षात आन् ये त्यांच्यासंगं. …तिला नीट धर, फुफाटा लई हाय. …मी? मी घरीच जातो माघारी. …न्हाई, उचलायला गेलो न्हाई अजून."

ते फाटकापाशी परतले होते. गाडी तशीच आडवी पडली होती.

"अनू… लवकर ये. मला एकट्याला न्हाई उचलत ती."