पाटावरचा पाच फुटी खांब

...आणि वरून ती ट्रेनिंगवाली मॅडम म्हणते काय, "सर, थोड़ा स्माइल!" आता मला सांगा, समरूप त्रिकोण शिकवताना कोण हसतं हो? एकतीस वर्षं झाली गणित शिकवून, मी हसलो नाही, पोरं हसली नाहीत, सगळं सुरळीत चालू होतं! पण नाही... सरांनी व्हिडिओ बनवायचा! तीन मिनिटांचा! तुम्हाला सांगतो, मी खडूचा माणूस. खिशात खडू, बोटांना खडू, घरी गेलो की आमची बायको हेमलता दारातूनच ओरडते, "अहो, आधी हात धुवा, मग माठाला शिवा!" असल्या माणसाच्या हातात मोबाइल देता आणि म्हणता, शूट करा?

झालं काय, आमची शाळा इकडे हिंदी मुलखात, अधारतालची. मी अंबादास सर, दसवीं बी, गणित... हे तिथल्या गेटावरच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. तर प्रिन्सिपल साहेबांनी मीटिंग घेतली आणि चहा यायच्या आधीच जाहीर केलं, "देखिए, ज़माना बदल गया है. जो टीचर वीडियो नहीं बनाएगा, उसको अगले साल दसवीं नहीं मिलेगी." नाही मिळणार? बावीस वर्षं दहावी माझ्याकडे आहे! काय देणार मग? छठवीं? रिटायरमेंटला चार वर्षं राहिली, ती काय सहावीच्या पोरांच्या पेन्सिली शोधत काढू? खोटं काहून बोलू, घाबरलो. चहा तसाच ठेवून उठलो. दहावी काढून घेतली तर माझ्यापाशी उरतं काय हो?

मग काय, गेलो ट्रेनिंगला. नेपियर टाउनात एका कोचिंग क्लासचा हॉल, तीन दिवस. शिकवणारी प्रणोती मॅडम, असेल सव्वीस वर्षांची, माझ्या पोरीहून लहान. नाव ऐकून मी खूश, म्हटलं, आपली दिसते. "मराठी का मॅडम?" तर म्हणते, "हो सर, मला समजते सगळं, पण बोलायला थोडा... हिंदी में बोलूँ?" बोल बाई, बोल. तर ती सांगून राहिली, मोबाइल आडवा धरा, उजेड समोरून घ्या, उन्हाकडे पाठ करू नका, आणि मुख्य म्हणजे बोलताना जे मधे मधे थांबता ना, ते सगळं कापून टाका, पोरांना कंटाळा येतो. मी वहीत उतरवून घेतलं. मोबाइलवर नाही, वहीत! मी खडूचा माणूस, पण आज्ञाधारक.

पहिला व्हिडिओ तिथेच काढला, फळ्यापुढे. अकरा मिनिटांचा झाला. मॅडमनी मोठ्या पडद्यावर लावला आणि हॉलभर माना वाकड्या... का? तर अकरा मिनिटं पडद्यावर फक्त माझी पाठ! "सर, आपका चेहरा?" म्हटलं, चेहरा फळ्याकडे असतो मॅडम, गणित तिकडे आहे! सगळा हॉल हसला. हसा बाप्पा, हसा. पण ती पोरगी हसली नाही हां. जवळ आली, हळूच म्हणाली, "काका, फळा सोडून द्या ना. घरातली चीज घ्या, बच्चे रोज़ देखते हैं वो." काका म्हणाली! आता नाही कसं म्हणणार?

तर ठरलं, झाडाची उंची सावलीवरून काढायची. अंगणात अशोकाचं झाड आहे, त्याची सावली मोजायची, बाजूला एक खांब उभा करायचा, खांबाची सावली मोजायची, की झाले दोन समरूप त्रिकोण, आलं उत्तर. सगळं जमलं, खांब कुठून आणायचा? आणि माझी नजर गेली... हव, तुम्ही बरोबर ओळखलं. रविवारची सकाळ, हेमलता तुळशीला पाणी घालून राहिली होती.

"मी? खांब?" ती म्हणाली. "अठ्ठावीस वर्षं संसार केला, आणि मी खांब?" म्हटलं, अगं, घराचा खांबच आहेस तू. एवढ्यावर ती थोडी विरघळली. मग मी टेप लावला. आता बघा, लग्नात तिच्या मामांनी पाच फूट सांगितली होती, आमच्या आईसमोर, चार माणसांत, छाती ठोकून! टेप म्हणतो, चार फूट दहा इंच! मी टेपाकडे बघून राहिलो, ती आभाळाकडे बघून राहिली. म्हणाली, "टेप जुना आहे तुमचा." म्हटलं, जाऊ दे, पण मला गणितात पाच फूट पाहिजे, चार फूट दहा इंचाचा हिशेब दसवीं बीला झेपायचा नाही. मग देवघरातला दोन इंची पाट आणला, त्यावर उभी केली. झाला खांब पाच फूट! पावणेदहाला सावली मोजली, बरोब्बर चार फूट. झाडाची वीस. उत्तर पंचवीस, एकदम स्वच्छ! मोबाइल टेकवला लोणच्याच्या बरणीला, आडवा, आज्ञेप्रमाणे, आणि केला सुरू.

बोललो हो मी, छान बोललो! "मान लो, यह एक खंभा है." खांब कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, "अहो, पोट आत घ्या." आत घेतलं. पुढे गेलो. पण सवय कुठे जाते? प्रत्येक पायरीला मी थांबलो, हात मागे बांधले, बरणीकडे रोखून पाहिलं आणि म्हटलं, "समझ में आया?... पीछे वाले, बोलो!..." मधेच, का कोण जाणे, ओरडलोसुद्धा, "ए खिड़की वाला! बाहर क्या देख रहा है?" अंगणात खिडकी कुठली? पण तोंडातून गेलं! तेवढ्यात घरात कुकरची शिट्टी झाली आणि खांब पाटावरून उतरून स्वयंपाकघरात गेला.

म्हटलं, हरकत नाही, दुसऱ्यांदा काढू. तिने गॅस बंद केला, साडी ठीक केली, पावडर लावली... खांबाला पावडर काहून लागते, मी विचारलं नाही. परत पाटावर उभी केली आणि बघतो तर सावली साडेतीन फूट! बायको तीच, पाट तोच, पण सूर्य थांबतो का कोणासाठी? झाडाची परत मोजली तरी साडेतीन, साडेसतरा असले आकडे, दसवीं बीला झेपायचे नाहीत, आणि संध्याकाळी व्हिडिओ द्यायचा. म्हणजे पहिलाच कापून-कुपून पाठवणं आलं. बसलो कात्रीचं बटण दाबत. थांबलो ते कापलं, ओरडलो ते कापलं, पोट कापलं... आणि लावून पाहतो तर मी गेलो, हेमलता गेली, राहिली फक्त कुकरची शिट्टी! खडूचं बरं असते हो, चुकलं तर डस्टर फिरवलं. शेवटी सगळं परत घेतलं, जसाच्या तसा पाठवून दिला आणि म्हटलं, गेली दहावी.

सोमवारी दसवीं बीमध्ये प्रोजेक्टर. बाजूला प्रिन्सिपल साहेब, प्रणोती मॅडम, आणि मी मागच्या बाकावर, मान खाली. "पोट आत घ्या" ला पोरं हसली. त्यांना मराठी येत नाही, पण बायकोचा आवाज सगळ्यांना कळतो. आणि मग पडद्यावरचा मी थांबलो, हात मागे, नजर रोखून... "समझ में आया?" मी डोळे मिटले. आणि अख्खा वर्ग, तुम्हाला सांगतो, अख्खा वर्ग एका सुरात, "जी सर!" "पीछे वाले, बोलो!" मागचे बाक ताठ, "जी सर!" "ए खिड़की वाला!" खिडकीपाशी गौरांग बसतो, वर्षभर रस्ताच बघते तो पोरगा, तो ताडकन उभा, "सॉरी सर!" अहो, प्रिन्सिपल साहेबांनीही खिडकीकडे वळलेली मान चटकन आत फिरवली!

संपला व्हिडिओ. आणि राखी उठली. ही राखी वर्षभरात माझ्या तासाला एक शब्द बोलली नाही. हळूच म्हणते, "सर, फिर से चला सकते हैं?" परत लावला. परत उठली, "एक बार और?" तिसऱ्यांदा पाहिलं, वहीत लिहिलं, दाखवायला आणलं... पंचवीस फूट! म्हटलं, बेटा, वर्षभर मला काहून नाही म्हणालीस, फिर से बताओ? तर पायाकडे बघत म्हणते, "आपसे डर लगता है, सर. वीडियो भी डाँटता है, पर दूसरी बार में ज़्यादा नहीं डाँटता."

एकतीस वर्षं मी विचारत होतो, समझ में आया? आणि पोरं भीतीने जी सर म्हणत होती. लागलं हो मनाला. पण तिची ती वही पाहून इतका आनंद झाला की मी हसलो! समरूप त्रिकोणावर! प्रणोती मॅडमनी टाळी वाजवली, "काका, स्माइल!"

दहावी राहिली. माझीच राहिली. एवढंच नाही, साहेब म्हणाले, "अंबादास जी, ये तो दसवीं ए में भी चलेगा!" हेमलताला आता अधारतालच्या भाजीबाजारात पोरं "खंभा आंटी नमस्ते" म्हणतात आणि ती मला ऐकवते, "पाच फुटी म्हणा."

आणि मी? काल बीच्या वर्गात शिकवून राहिलो होतो, खडू हातात. भिंतीपलीकडे ए च्या वर्गात माझा व्हिडिओ शिकवून राहिला होता. तिकडून आवाज आला, "जी सर!" एकदम ताठ, एका सुरात. मीही इकडे वळलो, हात मागे बांधले, नजर रोखली, "समझ में आया?"... कोणी बोलेना. शेवटी गौरांग, खिडकीतून बाहेर बघता बघताच, म्हणाला, "सर, आप वाला वीडियो लगा दो ना."